कॉर्फूच्या किनाऱ्याने एक दिवस: पहिल्यांदाच बोट भाड्याने घेणाऱ्यांसाठी

पुण्यात स्कूटीचं लायसन्स काढताना आरटीओसमोर आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. ग्रीसमध्ये मात्र ३० हॉर्सपॉवरपर्यंतचं इंजिन असलेली बोट कुठल्याही परवान्याशिवाय भाड्याने मिळते. वय १८ पूर्ण हवं, ओळखपत्र दाखवायचं, एका कागदावर सही करायची आणि दहा-पंधरा मिनिटांची शिकवणी झाली की अख्खा समुद्र तुमच्या ताब्यात. पहिल्या वेळी मला वाटलं, मालक आपली थट्टा करतोय. मी जर्मनीत राहते, नोकरी टेबलावरची, आणि बोटीशी आधीचा संबंध म्हणजे दापोलीहून पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीत कठड्याला धरून उभं राहणं. तरीही तीन उन्हाळे कॉर्फूला जाऊन बोट घेतली, एकदा तर आईला घेऊन. त्यातून कळलेलं क्रमाने सांगते.

आधीच सांगून ठेवते: बोट चालवणं पाच मिनिटांत जमतं. ती थांबवणं आणि थांबलेली जागेवर ठेवणं हे शिकायचं असतं. बोटीला ब्रेक नसतो. म्हणून खाली चालवण्यापेक्षा थांबण्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी किनारा निवडा

ग्रीसची बेटं म्हटलं की डोळ्यांपुढे सँटोरिनी, मिकोनोस येतात. ती एजियन समुद्रात. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो कधी कधी दिवसचे दिवस थांबत नाही, आणि नवख्या माणसाने त्यात छोट्या बोटीत बसू नये. कॉर्फू (ग्रीक लोक केर्किरा म्हणतात) पश्चिमेच्या आयोनियन समुद्रात आहे. इथला उन्हाळी वारा म्हणजे माइस्ट्रो. तो दुपारी वायव्येकडून येतो आणि बहुधा संध्याकाळी घरी जातो. वाऱ्यालाही ऑफिसची वेळ असल्यासारखी.

कॉर्फूच्याही सगळ्या बाजू सारख्या नाहीत. पश्चिमेला पालिओकास्त्रित्साच्या गुहा फार देखण्या, पण तो किनारा खुल्या समुद्राकडे तोंड करून आहे. पहिल्या खेपेला ईशान्येचा किनारा घ्या. त्याच्या पाठीशी ९०६ मीटर उंचीचा पान्तोक्राटोर डोंगर उभा आहे, तो वायव्येचा वारा बराचसा अडवतो. निसाकीपासून निघालात की ओळीने कामिनाकी, आग्नी, कालामी, कुलुरा, केरासिया, आयिओस स्टेफानोस, मग एरिमितिसचं निर्जन टोक, आव्लाकी आणि शेवटी कासिओपी. दर दहा-पंधरा मिनिटांवर एक नवीन खाडी, आणि बहुतेक सगळीकडे एखादी खाणावळ. काही अडलं तर माणूस जवळ आहे, ही या किनाऱ्याची खरी सोय.

एक सूचना: आयिओस स्टेफानोस नावाची गावं कॉर्फूवर दोन आहेत, एक ईशान्येला आणि एक वायव्येला. टॅक्सीवाल्याला नुसतं नाव सांगाल तर बेटाच्या भलत्याच कोपऱ्यात उतराल.

भूमध्य समुद्रातल्या इतर देशांचे नियम ग्रीससारखेच असतील असं धरून चालू नका. स्पेनमध्ये, म्हणजे मायोर्का-मेनोर्काला, परवान्याशिवाय ५ मीटरपर्यंतची बोट आणि १५ हॉर्सपॉवरचं इंजिन एवढीच मुभा. तीही फक्त दिवसा आणि बंदरापासून २ सागरी मैलांच्या आत. इटलीत इंजिनाची मर्यादा ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. क्रोएशियात छोट्या मोटरबोटीलाही परवाना मागतात. भारतातलं गाडीचं लायसन्स यातल्या कुठेही कामाला येत नाही. बेटावर भाड्याची गाडी घेणार असाल तरच ते, आंतरराष्ट्रीय परमिटसह, जवळ ठेवा.

महिना

जून किंवा सप्टेंबर. मे महिन्यात पाणी गार असतं. आपल्या अंगाला तर फारच. ऑगस्टमध्ये अर्धा युरोप तिथे आलेला असतो, बोटी आठवडाभर आधी संपतात आणि आग्नीच्या धक्क्याला बोट लावायला रांग लागते. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई नसते.

बोट ठरवताना

ऑनलाइन बुकिंग असतं, पण जून-सप्टेंबरमध्ये मी आदल्या संध्याकाळी सरळ धक्क्यावर जाते. पाच-सहाच्या सुमारास बोटी परत येत असतात. मालक आलेल्या माणसांशी कसं बोलतो, बोटी आतून धुऊन ठेवतो का, उतरणारे हसत उतरतात की हुज्जत घालत, हे दहा मिनिटं पाहिलं तर वेबसाइटवरच्या शंभर ताऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

साडेचार ते साडेपाच मीटर लांबीची, कापडी छत असलेली बोट चार-पाच जणांना पुरते. छत नसेल तर घेऊच नका. पाण्यावर ऊन वरून लागतं आणि खालूनही. दिवसाचं भाडं हंगामाप्रमाणे साधारण १०० ते १५० युरो धरा, पेट्रोल वेगळं. ते परत आल्यावर वापराप्रमाणे द्यायचं असतं. विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: वेळ किती ते किती, कुठून कुठपर्यंत जायची परवानगी, वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, आणि विम्यात काय बसत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. बऱ्याच ठिकाणी पंखा, म्हणजे प्रॉपेलर, विम्यात नसतो. आणि नवखी माणसं खडकावर आपटतात ती नेमकी पंख्यावरच.

मुलं असतील तर त्यांच्या मापाची लाईफ जॅकेट आदल्या दिवशीच मागून ठेवा. सकाळी "आहे आहे" म्हणतात आणि मग मोठ्यांच्याच जॅकेटचे पट्टे आवळून देतात. अनामत म्हणून मूळ पासपोर्ट ठेवून देऊ नका. प्रत द्या, क्रेडिट कार्डावर रक्कम अडवू द्या.

हातात घेण्याआधी

सकाळी नऊ-दहाला मालक तुम्हाला बोटीत बसवून सगळं दाखवतो. भराभर दाखवतो, कारण मागे आणखी तीन कुटुंबं उभी असतात. त्याला थांबवा. ही शिकवणी पूर्ण वसूल करा.

आधी मोबाइलवर बोटीभोवती व्हिडिओ घ्या: दोन्ही बाजू, पुढचं टोक, आणि इंजिन वर उचलायला सांगून पंख्याची तिन्ही पाती. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी आमच्याकडून पंख्याच्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले. ओरखडा जुना होता, पण आमच्याकडे दाखवायला काही नव्हतं. अर्ध्यावर तडजोड झाली आणि अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

मग लाल पिळदार दोरी. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणापाशी अडकवलेलं असतं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला लावायचं. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. मोकळी फिरती बोट गोल गोल घुमून पडलेल्या माणसावरच येते. भूमध्य समुद्रात सगळ्यात जास्त दिसणारा मूर्खपणा म्हणजे ही दोरी स्टिअरिंगवर नुसती लटकवून ठेवणं.

दांडा एकच असतो: मध्ये न्यूट्रल, पुढे ढकलला की पुढे, मागे ओढला की मागे. पुढून एकदम मागे न्यायचा नाही. न्यूट्रलला क्षणभर थांबवून मग मागे. या बोटींत वेगळं सुकाणू नसतं, मागचं इंजिनच डावी-उजवीकडे वळतं. त्यामुळे गिअरमध्ये नसताना स्टिअरिंग कितीही फिरवा, बोट ऐकत नाही. आणि वळताना नाक वळत नाही, शेपटी बाहेर फेकली जाते. धक्क्यावरून निघताना नवखा माणूस नाक बाहेर काढतो आणि बोटीचा मागचा भाग धक्क्यावर घासतो तो यामुळेच.

धक्क्यापासून थोडं दूर गेल्यावर, मालक सोबत असतानाच, हे तीन वेळा करा: पुढे जा, न्यूट्रल, थोडं मागे, बोट जागच्या जागी थांबवा. समोर तरंगणारा एखादा बोया घ्या आणि त्याच्या शेजारी हळूच येऊन थांबायचा प्रयत्न करा. आमच्या भावाने पहिल्या दोन वेळा बोया चिरडला, तिसऱ्या वेळी जमलं. तोच बोया धक्का असता तर?

शेवटचं म्हणजे नांगर. तो कुठे आहे ते बघा, दोर किती लांब ते विचारा, आणि दोराचं दुसरं टोक बोटीला खरोखर बांधलंय का ते हाताने ओढून बघा. हसू नका. नांगर, साखळी आणि दोर असं सगळं एकाच डौलदार फेकीत समुद्राला अर्पण केलेला एक फ्रेंच गृहस्थ मी केरासियाला डोळ्यांनी पाहिलाय.

आईला आम्ही नेलं त्या सकाळी ती हे सगळं गप्प बघत होती. तिचं बालपण गुहागरचं. मालकाचं संपल्यावर तिने मला विचारलं, "भरती कधीची आहे ते विचार ना." मी विचारलं. मालकाला आधी प्रश्नच कळेना. मग तो हसला आणि हाताच्या दोन बोटांत वीतभर अंतर दाखवून म्हणाला, इथे भरती एवढीच. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त आहे, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसभरात फार तर काही सेंटिमीटर वर-खाली होतं. कोकणातल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. सकाळी नांगरलेली बोट दुपारी चिखलात बसलेली सापडणार नाही, आणि पाण्याखालचा खडक सकाळी जेवढा खोल होता तेवढाच दुपारी असेल. इथे हिशोब ठेवायचा तो भरती-ओहोटीचा नाही, वाऱ्याचा.

वारा

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो तेच इथे कामाला येतं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मंद वारा, दुपारी समुद्राकडून. त्यात उन्हाळ्यात माइस्ट्रोची भर. सकाळी दहाला पाणी आरशासारखं असतं आणि दुपारी दोनला त्याच जागी बोट थडाथड आपटायला लागते.

आदल्या रात्री विंडी किंवा तसल्या एखाद्या ॲपवर वारा बघा. ग्रीक लोक वारा बोफर्टमध्ये मोजतात: ३ बोफर्ट म्हणजे ७ ते १० नॉट (ताशी सागरी मैल), ४ म्हणजे ११ ते १६. पहिल्या दिवशी ३ पर्यंत मजा, ४ म्हणजे खाडीतच राहा, ५ असेल तर मालकच बोट देणार नाही, आणि देत असेल तर तुम्ही घेऊ नका. ॲप नसेल तर डोळे आहेतच. लाटांच्या माथ्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसायला लागला की ३ झालं. जिकडे बघावं तिकडे फेस, म्हणजे ४.

यावरून दिवसाचा आराखडा आपोआप ठरतो. आयिओस स्टेफानोसच्या पुढचा भाग, म्हणजे एरिमितिस, आव्लाकी, कासिओपी, उत्तरेकडे उघडा आहे. तिकडे जायचं तर सकाळीच जा, आणि एक वाजायच्या आत टोक ओलांडून दक्षिणेच्या आडोशाला परत या. जेवण, पोहणं, लोळणं सगळं आग्नी-कालामीच्या बाजूला. पहिल्या वर्षी आम्ही उलटं केलं. सकाळ जवळच्या खाड्यांत लोळण्यात घालवली आणि दुपारी तीनला कासिओपीचा किल्ला बघायला निघालो. आव्लाकीसमोर अशी काही आदळआपट झाली की वहिनीने वल्ह्यासकट हाताला लागेल ते सगळं घट्ट धरलं. मागे फिरलो. मागे फिरण्यात काही कमीपणा नाही.

वाऱ्याने दिवसच गेला तर कॉर्फू टाउनला जा. १८१५ ते १८६४ पर्यंत हे बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होतं. ते गेले, क्रिकेट ठेवून गेले. जुन्या किल्ल्यासमोरच्या स्पियानाडा मैदानावर आजही सामने होतात. ग्रीसमध्ये बसून लेगबायवरचा वाद ऐकायला मिळणं ही आपल्यासाठी अनपेक्षित मेजवानी.

निघाल्यावर

किनाऱ्याला धरून चला, पण चिकटून नाही. गडद निळं पाणी खोल, हिरवट-पोपटी उथळ, तपकिरी म्हणजे खडक. किनाऱ्यापासून दोनेकशे मीटर ठेवलं तर खडकांची काळजी नाही आणि पोहणाऱ्यांचीही नाही. पोहण्याच्या जागा बोयांच्या माळेने आखलेल्या असतात, तिच्या आत इंजिन चालवत जायचं नाही. पाण्यात लालवर तिरपी पांढरी पट्टी असलेला झेंडा दिसला तर खाली पाणबुडे आहेत, लांबून जा. उजवीकडून बोट येत असेल तर तिला वाट द्या. शिडाच्या बोटीला नेहमीच वाट द्या. मोठ्या फेरीबोटीशी तर वाटेचा वाद घालण्यात अर्थच नाही.

फेरीबोटीची खरी गंमत ती गेल्यावर असते. कॉर्फू आणि अल्बेनियामधल्या सामुद्रधुनीतून इटलीची मोठी जहाजं, क्रूझ, अल्बेनियाच्या वेगवान बोटी जात असतात. जहाज लांबून निघून जातं, तुम्ही विसरून जाता, आणि चार-पाच मिनिटांनी त्याच्या लाटा येऊन तुमचा चहा सांडवतात. लाटा दिसल्या की वेग कमी करा आणि बोटीचं टोक त्यांच्याकडे थोडं तिरपं वळवा. आडव्या लाटा घेऊ नका.

पूर्वेला समोर दिसतात ते डोंगर अल्बेनियाचे. सर्वांत अरुंद जागी अंतर जेमतेम २ किलोमीटर आहे, आणि "जाऊन येऊ का पटकन?" असं प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण तरी म्हणतोच. जायचं नाही. सीमा सामुद्रधुनीच्या मधोमध आहे, भाड्याच्या बोटीला ती ओलांडायला सक्त मनाई असते आणि गस्ती बोटी फिरत असतात. बोट परत केल्यावर फेरीने अल्बेनियातल्या सारांदाला जायचा बेत असेल तरी पासपोर्ट काढून व्हिसा तपासा. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर अल्बेनियात पाऊल ठेवताच तो संपला. मग तुमचं सामान कॉर्फूच्या हॉटेलात आणि तुम्ही बाहेर.

अडचण आली तर आधी मालकाचा फोन. बहुतेक वेळा तोच दुसरी बोट घेऊन येतो. जीवावरचं असेल तर ११२, किंवा ग्रीक तटरक्षक दलाचा १०८. हा नंबर महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळा पाठ करायला नको.

नांगर टाकणं

ही पायरी सगळ्यात सावकाश वाचा.

पाण्याचा तळ निवळशंख दिसत असतो. त्यावर फिकट आणि गडद असे पट्टे दिसतात. गडद पट्टे म्हणजे पोसिडोनिया, भूमध्य समुद्रातलं गवत. ते संरक्षित आहे. माशांची पिल्लं त्यात वाढतात, पाणी एवढं स्वच्छ राहतं त्यात त्याचाही वाटा आहे, आणि नांगराने उपटलेलं ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. स्पेनच्या बालेआरिक बेटांवर त्यावर नांगर टाकायला २०१८ पासून कायद्यानेच बंदी आहे. तेवढ्यावर पटत नसेल तर स्वार्थाचं कारण घ्या: गवतात नांगर धरतच नाही, नुसता घसरत जातो. नांगर टाकायचा तो फिकट, म्हणजे वाळूच्या पट्ट्यावर.

जागा निवडताना आधीच्या बोटींकडे बघा. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतील, ती वाऱ्याची दिशा. तुम्हीही त्याच दिशेला टोक करा आणि वाळूच्या पट्ट्याच्या थोडं पुढे जाऊन न्यूट्रलला थांबा. पुढच्या माणसाने नांगर फेकायचा नाही, हाताखाली दोर सोडत सोडत तळाला टेकवायचा. फेकला तर साखळीचा नांगराभोवतीच गुंता होतो. टेकला की वारा बोटीला मागे ढकलू लागेल. तेवढा दोर सोडत राहा. वारा नसेल तर इंजिन मागच्या गिअरमध्ये अगदी हलकं.

दोर किती? पाणी पाच मीटर असेल तर निदान वीस मीटर. नवख्यांची सगळी चूक इथे होते. त्यांना वाटतं, नांगर म्हणजे वजन, तळाला लागला की झालं. नांगराचं वजन किरकोळ असतं. तो वाळूत रुतून बोट धरतो. आणि तो रुततो कधी, तर ओढ आडवी असेल तेव्हा. दोर आखूड असला की बोट त्याला वर खेचते आणि नांगर उपटून येतो. पाण्याच्या खोलीचा अंदाजही फसवा असतो. एवढं नितळ पाणी आपल्या डोळ्यांना सवयीचं नाही; तीन मीटर वाटणारा तळ सहा-सात मीटर निघतो.

दोर धातूच्या खुंट्याला बांधा: आधी एक वेढा, मग इंग्रजी आठासारखे दोन-तीन तिरपे वेढे. देवनागरी आठासारखे बांधाल तर बोट एकटीच फिरायला जाईल. मग मागचा गिअर घालून पाच-दहा सेकंद थोडी रेस द्या. दोर ताठ होऊन बोट थांबली तर नांगर धरलाय. दोराला हात लावून बघा: धरलेल्या नांगराचा दोर ताणलेला आणि शांत असतो; घसरणाऱ्या नांगराचा दोर गोट्यांवरून ओढल्यासारखा हातात थरथरतो. हे एकदा हाताला कळलं की पुन्हा विसरत नाही.

आता किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरून ठेवा. आम्ही कालामीला एक पिवळी छत्री आणि तिच्या मागचं सरूचं झाड धरलं होतं. पंधरा मिनिटांनी छत्री झाडाच्या डावीकडे सरकलेली दिसली तर दोन शक्यता: नांगर घसरतोय, किंवा छत्री उचलून कोणी पलीकडे नेली. दुसऱ्या शक्यतेचा अनुभव आल्यापासून मी दोन्ही खुणा न हलणाऱ्याच निवडते.

पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद, चावी बाहेर, आणि शिडी खाली. शिडी आधी. पाण्यातून वर बघत "शिडी सोड रे" ओरडणारे दर खाडीत भेटतात. वर कोणी नसेल तर त्या बोटीत चढता येत नाही. एकाने कायम बोटीत थांबायचं, आणि ते थांबणं गटात वाटून घ्यायचं, नाहीतर ते पोहता न येणाऱ्याच्याच माथी जातं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना खोल पाण्यात पोहता येत नाही, हे लपवण्यात काही अर्थ नाही. जॅकेट घालून शिडीला धरून तरंगण्यातही पैसे वसूल होतात. आईने दोन तास तेच केलं. किनाऱ्याच्या खडकांवर उतरणार असाल तर रबरी बूट घाला. अर्चिन नावाच्या छोट्या समुद्री जीवांचे काळे काटे पायात मोडले की सुट्टी संपली.

नांगर काढताना हाताने बोट ओढत बसू नका. हळू पुढे जा, समोरचा माणूस दोर गोळा करत जाईल, नांगराच्या बरोबर वर आलात की तो सहसा आपोआप सुटतो. दोर पंख्याकडे जाऊ देऊ नका.

जेवायला धक्क्यावर

आग्नीला खाणावळींचे स्वतःचे लाकडी धक्के आहेत. तुम्ही येताना दिसलात की कोणीतरी पोरगा धावत टोकाला येतो. तो हाताने खूण करेल ती बाजू घ्या. त्याआधी बोटीच्या बाजूचे रबरी फुगे बाहेर सोडा, दोर मोकळा करून हातात घ्या आणि जितक्या वेगाने आपटलेलं परवडेल तितक्याच वेगाने जवळ या. वारा ज्या दिशेने येतोय तिकडे तोंड करून गेलात तर वाराच ब्रेकचं काम करतो. दोर फेका, बाकी तो बघून घेईल. पायाने बोट धक्क्यापासून ढकलायला कोणी जाऊ नका. बोट हलकी वाटते, पण तिच्यात आणि लाकडात सापडलेला पाय तिला थांबवू शकत नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. कॉर्फूचं बुर्देतो मागवा, लाल मिरचीतला माशाचा रस्सा. ग्रीसमध्ये तिखट म्हणावं असं सापडणं दुर्मीळ, आणि हे आहे. शाकाहारींना यिगांतेस, म्हणजे आपल्या पावट्याचे थोरले भाऊ टोमॅटोत शिजवलेले, शिवाय भाज्यांचं ब्रियाम आणि फेटाचं सॅलड. चालवणाऱ्याने वाइन घ्यायची नाही. बोटीत खायला तिखटमिठाच्या पुऱ्या उत्तम. भडंग नेऊ नका. कापडी छताखालून वारा शिरला की ती समुद्रालाच मिळते.

परतीची वेळ, आणि एक सापळा

बोट सहसा सहाला परत द्यायची असते. पहिल्या वर्षी आम्ही पावणेसहाला ऐटीत धक्क्यावर आलो तेव्हा मालक कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्या घड्याळात पावणेसात झाले होते. झालं असं की त्या किनाऱ्यावर, विशेषतः डोंगराच्या सावलीतल्या खाड्यांत, मोबाइल समोरच्या अल्बेनियाचं नेटवर्क पकडतो. अल्बेनियाचं घड्याळ ग्रीसच्या एक तास मागे. फोनने मुकाट्याने वेळ बदलली आणि आम्ही तासभर जास्त पोहत बसलो. वर युरोपीय संघाबाहेरच्या रोमिंगचं बिल आलं ते वेगळंच. सकाळीच फोनमध्ये ग्रीक नेटवर्क हाताने निवडून ठेवा, वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करा, आणि एकाच्या तरी मनगटावर साधं घड्याळ असू द्या.

अर्धा तास राखून परत या. धक्क्याजवळ गर्दी असेल तर घुसू नका, लांब थांबून हात करा. बहुतेक मालक स्वतः उडी मारून येतात आणि बोट लावतात. त्यात त्यांचाही जीव गुंतलेला असतो. पेट्रोल तुमच्यासमोर भरायला सांगा, पंखा दोघांनी मिळून बघा, सकाळचा व्हिडिओ हाताशी ठेवा, आणि कार्डावर अडवलेली रक्कम सोडल्याचा कागद किंवा मेसेज हातात आल्यावरच निघा. ती खात्यात दिसायला पुढे काही दिवस लागतात. उतरताना बाकाखालचा कप्पा उघडून बघा. आमच्या तीन जोड्या चपला आणि आईचा चष्मा आजवर तिथेच सापडलाय.